सारख्या टाक्यांचा जोड

आमच्या ज्योतिबाचं जावळ काढलं ते साल एकोणीसशे त्रेचाळीस. वैशाख होता. जावळाला माझे भाऊ आले, भाऊबंद जेवले, आणि माझा धाकटा दीर हंबीरराव पलटणीतून रजेवर आला. रजा संपली की तुकडी बोटीत बसणार, एवढंच त्याला ठाऊक होतं. कुठल्या मुलखात जायचं ते साहेब लोक सांगत नव्हते. मात्र सगळ्यांना लोकरीचा एकेक जादा शर्ट वाटला होता. त्यावरून केरबातात्यांनी ओळखलं.

"थंडीचा मुलूख हाय," ते म्हणाले. "शर्ट दिला म्हंजी पाऊस, चिखूल समदं आलं."

केरबातात्या आमच्याच आळीतले. मागच्या मोठ्या लढाईला ते समुद्रापलीकडं जाऊन आले होते. जाताना दहा बोटं घेऊन गेले आणि येताना उजव्या पायाची दोनच घेऊन आले. डावा पाय पुढून नुसता गोल होता, खुंटासारखा. रोज सकाळी ते काठी टेकत आमच्या सोप्यात येऊन बसत. आमच्या सासूबाईंना, म्हणजे अंबूबाईंना, ते मानलेले भाऊ. त्यामुळं चहा आमच्याच घरी.

जावळाच्या पंगतीतच त्यांनी हंबीररावाला विचारलं, "मोजं किती दिलं सरकारनं?"

"दोन जोड."

"हप्त्यात कुजत्याल. घरनं ने. गोळीचं काय घिऊन बसलास, गोळी दिसंल त्याला लागती. पायाचं दुखणं न दिसता येतंय. मोजा आवळला की रगात थांबतं. ढिला राहिला की घडी पडती, घडीचा फोड हुतो, फोडात चिखूल शिरतो. मग डागदर कातर घिऊन येतो." एवढं बोलून त्यांनी डावा पाय पुढं केला आणि वाढपी पोराला म्हणाले, "बघतोस काय रं, बुंदी वाढ."

लोक हसले. साळू हसली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिची नजर हंबीररावाच्या पायांवर होती.

साळूबाई माझी धाकटी जाऊ. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर पाचगणीच्या घाटाखालचं. तिची आई पाचगणीला साहेबांच्या पोरींच्या शाळेत आया होती, आणि तिथल्या एका बाईनं साळूला लहानपणी सुयांवर विणायला शिकवलं होतं. आमच्या अख्ख्या गावात ती कला तिच्या एकटीकडं होती. पण तिचा हात सरळ नव्हता. विणताना धागा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून सोडतात. तो वेढा सारखा राहिला तर टाका सारखा पडतो. साळूचा वेढा तिच्या मनाबरोबर फिरायचा. हसण्याबोलण्यात असली की टाके एवढे सैल, की त्यातून हरभरा पडावा. काळजीत असली की एवढे आवळ, की सुई आत जाईना. तिचं विणकाम बघून त्या दिवशी तिच्या मनात काय होतं ते मला कळायचं.

दुसऱ्याच दिवशी तिनं विणायला घेतलं. गिरणीची लोकर लढाईमुळं मिळत नव्हती. आमच्या माळाच्या रानात तेव्हा खताला मेंढरं बसली होती, माणकडची. धनगराचं नाव बिराप्पा, त्याची बायको तानुबाई. तानुबाईनं टकळीवर बारीक सूत काढून दिलं. सुया हंबीररावानं सायकलच्या तारा घासून केल्या. चार सुयांवर मोजा गोल फिरू लागला.

पहिला जोड झाला तेव्हा हंबीररावानं तो सोप्यात सगळ्यांसमोर पायात चढवला. एक मोजा घोट्याशी आवळला होता आणि टाचेशी लोंबत होता. दुसरा बरोबर उलटा.

"आयो, बघ," तो सासूबाईंना म्हणाला, "हा मोजा सासू हाय आन् ह्यो सून. दोगींचं जमंल तर शप्पत."

"सुनंचा मोजा ढिलाच असणार," सासूबाई म्हणाल्या.

"आन् सासूचा गळ्याला बसणार," असं साळू हळूच माझ्या कानाशी म्हणाली. मला हसू आवरेना.

पण केरबातात्यांनी मोजा हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "साळे, ह्यात त्यो पाय गमावंल पोरी. आवळ हाय तितनं. हात सारखा ठेव."

साळू आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढं बसून करंगळीला धागा गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"आक्का, मी सारखाच ठिवते वो. पर ह्ये बोटीत बसणार ह्ये मनात आलं की हात आपसूक आवळतो. मी काय करू?"

तिच्या जिवाला लागलेली गोष्ट ती एवढीच होती. बोट, गोळी, समुद्र यातलं काही तिच्या हातात नव्हतं. टाका हातात होता, आणि तोही ऐकत नव्हता.

दोनतीन दिवसांनी आम्ही दोघी तानुबाईकडं आणखी सूत आणायला गेलो. तानुबाई मेंढरांच्या वाघरीपाशी, जाळ्याच्या कुंपणाला लागून, घोंगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा पसरून त्यावर कुंचा फिरवत होती. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली खळ ती सुताला लावत होती. साळू बघत उभी राहिली.

"ह्यानं काय हुतं?"

"सूत ऐकतं," तानुबाई म्हणाली. "बिनखळीचं सूत म्हंजी द्वाड पोर, कवा ताणतंय, कवा लोळतंय. खळ दिली की काठीवानी सरळ. मग कसंबी विणा, टाका जागच्या जागी."

"आन् भिजल्यावर?"

"घोंगडं भिजून गळतंय कवा? खळीचं घोंगडं पाणी वरच्या वर ढकलतंय." मग तानुबाईनं विचारलं, "तुला कशाला गं?"

"मोज्याला."

तानुबाईला मोजे ठाऊक नव्हते. साळूनं पाय दाखवून सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की कुंचा खाली पडला. "लोकर पायात? आवं, लोकर डोक्यावर घ्यायची असती!" पण तिनं एका मडक्यात खळ भरून दिली.

घरी येऊन साळूनं सूत खळीत बुडवलं, परसात ताणून वाळवलं आणि विणायला बसली. धागा तारेसारखा ताठ झाला होता. करंगळीचा वेढा सैल पडो की आवळ, टाका आपला तेवढाच. ओळीमागून ओळ एकसारखी चढत गेली. साळूच्या तोंडावर मी तसं समाधान आधी कधी बघितलं नव्हतं. ती मला म्हणाली, "आक्का, खळीचं ह्यास्नी सांगू नगा. माझा हात सुधारला असंच वाटू दे त्यास्नी."

मी बरं म्हणाले. नवराबायकोतली गोष्ट होती.

दुसरा जोड जायच्या आदल्या दिवशी पुरा झाला. तो सोप्यात ठेवला तेव्हा जो तो हातात घेऊन बघू लागला. बाजारातून आणल्यासारखा होता. माझे मालक, सयाजीराव, कधी बायकांच्या कामाला चांगलं म्हणायचे नाहीत, तेही म्हणाले, "साफ हाय."

हंबीरराव साळूकडं बघत राहिला. "ह्यो जोड तूच विणलास?"

"मग काय सासूनं?" साळू म्हणाली आणि लाजून आत पळाली.

केरबातात्यांनी मोजा घेतला. टाक्यांवरून बोट फिरवलं, खाली-वर बघितलं. टाका कुठं चुकला नव्हता. तरी त्यांनी मोजा कानाशी नेऊन चुरगाळला. तो वाळल्या पानासारखा वाजला.

"अंबू, ह्यो एकदा ऊन पाण्यातनं काढा. लोकर मऊ पायजे."

सासूबाई ताडकन उठल्या. "उद्या निघायचंय त्याला. जाणाऱ्या माणसाचं कापड आदल्या दिवशी भिजवायचं? मागं राहिल्यालं कापड धुत्यात, ते कवा धुत्यात ठावं हाय न्हवं तुला?"

"आत्याबाई, नुसतं बुचकळून काढू," मी म्हणाले. "रातीत वाळंल."

"हरणा, तू गप. ह्या घरात न्हाई."

तात्यांनी मोजा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या ठेसनावर आम्ही सगळे गेलो. गावातलाच नाथाजी त्याच तुकडीत होता, तोही त्याच गाडीनं निघाला. मिरजेकडची गाडी, पुढं बेळगाव. हंबीररावानं दोन्ही जोड पिशवीत वरच ठेवले होते. डब्याच्या खिडकीतून त्यानं वाकडा जोड बाहेर काढून साळूच्या तोंडापुढं हलवला, आणि सगळं ठेसन हसलं. गाडी हलली तेव्हा साळू हसतच होती.

उरलेल्या खळीच्या सुताचे साळूनं आमच्या ज्योतिबाला दोन मोजे विणले. बोटभर लांबीचे. ते मी ठेवून दिले होते. श्रावणात झड लागली. आठ-आठ दिवस ऊन नाही, जमीन ओल धरून बसली. ज्योतिबाला सर्दी झाली म्हणून मी ते मोजे काढून त्याच्या पायात घातले आणि त्याला चुलीजवळ पोत्यावर बसवून भाकरी करायला लागले. पोर तान्हंच. त्यानं बसल्या जागी भिजवलं, मोजेही भिजले. चुलीची धग होती, वाळतील म्हणून मी लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं तो रडू लागला. मी आधी भुकेनं म्हणून पाजायला घेतला. तो तोंड लावीना. रडणं वाढत गेलं, मग आवाजच बदलला. साळू धावत आली. तिनं त्याचा पाय हातात धरला आणि ओरडली, "आक्का, मोजा!"

मोजा वाळला होता आणि वाळताना आवळला होता. हाताला वाळक्या चामड्यासारखा लागत होता. त्याच्या वरच्या काठाला पोटरी फुगून आली होती. आम्ही ओढला, तो निघेना. बोट आत जाईना. साळूनं कातर आणली, पण कातरीचं टोकही आत शिरेना. शेवटी मी पोराला गच्च धरलं आणि तिनं वरून एकेक टाका तोडत मोजा फाडला. आतला पाय काळानिळा होता, गार होता. त्या इवल्याशा पायावर सगळे टाके उमटले होते. ओळीला ओळ लागून, एकसारखे.

सासूबाईंनी तेल चोळलं. पाय हळूहळू लाल झाला, पोर झोपलं. साळू मात्र तशीच बसली होती. फाडलेला मोजा तिच्या हातात होता.

"ह्यो मुताएवढा भिजला," ती म्हणाली. "तितं तर चिखलात उभं ऱ्हात्यात."

मग ती उठली आणि पावसात तशीच केरबातात्यांकडं गेली. त्यांना घेऊनच आली.

तेव्हा आमच्या घरात कुणाला अक्षर येत नव्हतं. मी शिकले ते फार पुढं, नातवाच्या पाटीवर. पलटणीला कार्ड धाडायचं तर तात्याच लिहीत. तात्या सोप्यात कार्ड मांडीवर घेऊन बसले. साळू दाराआड उभी राहून सांगू लागली, "लिवा, म्हणावं दुसरा जोड पायात घालू नगा. त्याला चिंचोक्याची खळ लावल्याली हाय. भिजून वाळला की पाय आवळतो. फेकून द्या."

"खळ-बिळ न्हाई लिवायचं," तात्या म्हणाले. "वाटंत साहेब लोक कार्ड वाचत्यात. चिंचोका, खळ, दुसरा जोड, असलं बघितलं की त्यांस्नी वाटणार, कायतरी इशाऱ्याची भाषा हाय. समद्यावर काळी शाई फिरवत्याल. आमच्या वक्ताला एकाच्या बापानं लिवलं, तांबडी गाय गाभण हाय. त्याला दोन दिवस साहेबापुढं हुबा केला."

"मग पाय आवळतो तेवढं तर लिवा."

आता सासूबाई मध्ये पडल्या. "पाय आवळतो, पाय काळा पडतो, असलं अवलक्षणी लढाईवरल्या माणसाला धाडायचं न्हाई. माझा ल्योक हाय तो. सरळ लिवा, बिघडल्यालं मोजं घालू नगंस, दुसरं धाडतो."

"कुठलं बिघडल्यालं ते कसं कळंल?" साळूनं विचारलं.

"जोड दोनच हाईत," तात्या म्हणाले. "त्याला कळत न्हाई व्हय? हातात घेतलं की कळतंय."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. घरी सर्व खुशाल. साळूने विणलेल्या मोज्यांपैकी जो जोड बिघडला आहे तो घालू नये. नवीन पाठवीत आहोत. खाली सासूबाईंचा आशीर्वाद.

साळू म्हणाली, "तात्या, एवढ्यानं भागंल का?"

"भागंल गं. शिपाई हाय तो."

कार्ड गेलं. साळूनं लगेच नवा जोड विणायला घेतला, बिनखळीच्या सुताचा. तो काही पुरा होईना. चार ओळी विणायची, हात आवळायचा, उसवायची. पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची. सूत उसवून उसवून केसाळ झालं. मी म्हणायची, "अगं वाकडा तर वाकडा, धाड." ती म्हणायची, "न्हाई आक्का, आता चुकायचं न्हाई." दसरा गेला, दिवाळी गेली. माझ्या ज्योतिबाच्या पोटरीवरचा व्रण फिकट होत गेला. साळू रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन त्या व्रणावर बोट ठेवून बघायची. हंबीररावाचं एक कार्ड आलं, तब्येत ठीक, थंडी फार आहे. मोज्यांचं त्यात काही नव्हतं. तात्यांनी ते दोनदा वाचलं. साळूनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

पौषात पोलीस पाटील तार घेऊन आले. त्यांनी ती सयाजीरावांच्या हातात दिली आणि ते चप्पल घालून निघून गेले, पाणीसुद्धा न पिता. तेव्हाच सगळ्यांना कळलं. तार वाचून घेतली तेव्हा तीत एवढंच निघालं की हंबीरराव इस्पितळात वारला. गोळी लागली की काय झालं, काही नव्हतं. सासूबाईंनी साळूच्या बांगड्या फोडल्या. साळूनं हात पुढं केले, रडली नाही. नव्या जोडातला एकच मोजा झाला होता. तो सुयांसकट तिनं फळीवर ठेवला.

कशानं गेला, हे तिनं कुणाला विचारलं नाही. आम्हीही काढलं नाही. घरात मोजा हा शब्द बंद झाला. केरबातात्या सकाळचे यायचे बंद झाले. सासूबाई एकदा चहा घेऊन त्यांच्याकडं गेल्या, तो पेला तसाच परत आला.

लढाई संपल्यावर, पंचेचाळीस सालच्या गणपतीत, नाथाजी घरी आला. चालत, दोन्ही पायांवर, धडधाकट. आमच्या सोप्यात येऊन त्यानं सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग पिशवीतून एक पुडकं काढलं. साळू माझ्या मागं उभी होती.

"वैनी," तो म्हणाला, "तुमच्या मोज्यानं माझं पाय राखलं. म्हनून हिकडं आधी आलो."

पुडक्यात वाकडा जोड होता. ठिकठिकाणी रफू केलेला, मळका. सैल होता तिथं आणखी सैल झालेला, आवळ होता तिथं पाय घालून घालून पसरलेला.

साळूनं विचारलं, "कार्ड पोचलं हुतं?"

"व्हय की. मीच वाचून दावलं त्याला. लय हसला. म्हनला, लोकांनी चेष्टा केली म्हनून लाजलीया बघ, वाकडा जोड घालू नगा म्हनती. मला म्हनला, नाथ्या, बायकूनं विणल्यालं फेकवत न्हाई गड्या, तू घाल. मला हाय की साफ जोड." नाथाजी खाली बघून बोलत होता. "तवा पाऊस लागला. चिखूल गुडघ्याएवढा. रातध्याड बूट काढायला मिळंना. चौथ्या-पाचव्या दिशी तो म्हनला, पाय हाईत का न्हाईत तेच कळंना झालंय. बूट कापून काढला. मोजा निघंना. डागदरानं कातर घेतली तवा..."

"नाथाजी," मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

तो थांबला. त्याला काही कळलं नव्हतं. तो आपल्या परीनं चांगलं सांगायला आला होता.

साळू पुढं आली. तिनं वाकड्या जोडातला एक मोजा उचलला, त्यात मूठ घातली, सैल जागी उघडली, आवळ जागी मिटली. मग तो पुडक्यात ठेवून नाथाजीच्या हातात परत दिला.

"तुमीच घाला भावजी," ती म्हणाली. "थंडीत लागत्याल."

नाथाजी गेल्यावर तिनं फळीवरचा अर्धा जोड काढला, सुया ओढून घेतल्या आणि सगळं सूत उसवून त्याचा गुंडा केला. तो तिनं तानुबाईला दिला, त्या साली मेंढरं पुन्हा आमच्या रानात बसली तेव्हा. तानुबाईनं कशाला परत म्हणून विचारलं. साळू म्हणाली, पुरलं.

केरबातात्या सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्यात वारले. साळूबाई आमच्याच घरात राहिली आणि एकाहत्तर साली, माघात, तापानं वारली. माझे दीर हंबीरराव इटलीच्या मुलखात इस्पितळात, दोन्ही पाय कापल्यावर, १९४४ सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात वारले. त्यांचं वय तेवीस होतं.